शिडी धरणारा

मंठाळचा अंकुश आणि त्याच गावचा मडिवाळप्पा गुलबर्ग्याला हायस्कुलात नववीत होते. ईरम्माच्या घरात दोघांना मिळून भाड्याची एक खोली होती. अंकुशचं घर शेतकऱ्याचं, मडिवाळप्पाच्या बापाचं किराण्याचं दुकान. एकाच चुलीवर भाकरी भाजायच्या, उर्दूचे धडे एकमेकांना म्हणून दाखवायचे, असं चाललेलं.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात हिंदुस्थान स्वतंत्र होणार अशी बातमी आली. निजामाच्या मुलखात मात्र तिरंगा लावायला बंदी. पंधरा तारखेला शाळेच्या माळवदावर झेंडा लावायचा, असं दोघांनी ठरवलं. मडिवाळप्पा वर चढणार, अंकुश खाली शिडी धरणार. कापड अंकुशनंच आणलं होतं, हेही खरं.

त्या दिवशी झुंजुमुंजू झालं तसं मडिवाळप्पानं त्याला हलवलं. अंकुश वाकळ ओढून म्हणाला, "ताप आलाय रे."

मडिवाळप्पानं त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, ते त्या हाताला कळलंच असणार. "मग पड तू," तो म्हणाला. "मी येतो जाऊन."

शिडी धरायला कुणी नव्हतं. झेंडा लागला, पण उतरताना शिडी सरकली आणि मडिवाळप्पा खाली पडला. डावा हात कोपरात मोडला. आवाजानं पोलीस आले. मोडलेल्या हातासकट त्याला नेलं, ते वर्षभरासाठी. अंकुश दुपारपर्यंत वाकळेतच होता. ईरम्मानं त्याला आल्याचा काढा करून दिला, तोही त्यानं प्याला.

पुढचं वर्ष रजाकारांच्या धास्तीत गेलं. शाळा अर्धी ओस पडली, अंकुशही गावी जाऊन राहिला. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि शाळा पुन्हा भरली. जुने मास्तर गेले होते. सोलापूरकडचे नवे हेडमास्तर आले. त्यांनी सगळी पोरं मैदानात बसवली आणि विचारलं, "गेल्या साली इथं झेंडा लावला, त्या मुलाबरोबर आणखी कोण होतं? एकट्याचं काम नाही ते."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, अंकुश त्याच्याच खोलीत राहायचा."

सगळ्या माना वळल्या. अंकुश उठला. नाही म्हणायचं त्याच्या मनात होतं. तोंडातून आलं, "शिडी मी धरली होती."

टाळ्या पडल्या. मग हेडमास्तरांनी कपाळावरची खूण कशाची म्हणून विचारलं. लहानपणी विहिरीत उडी मारताना दगड लागला होता. अंकुश म्हणाला, "सिपायाची काठी." त्याच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. पुढचे पंधरा दिवस पोरं त्याला वाट करून द्यायची, आणि त्याला ते आवडायचं. याचीच पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

दिवाळीनंतर मडिवाळप्पा तुरुंगातून सुटून आला. हात वाकडाच जुळला होता. वर्ष बुडाल्यामुळे त्याला पुन्हा नववीत बसायचं होतं. हेडमास्तरांनी दोघांना वर्गासमोर उभं केलं. "हा तुझा साथीदार ना? यानंच शिडी धरली होती?"

मडिवाळप्पानं अंकुशकडं पाहिलं. अंकुशची नजर जमिनीत रुतली होती.

"व्हय सर," मडिवाळप्पा म्हणाला. "ह्यानंच धरली होती."

बाहेर कडुनिंबाखाली अंकुशनं त्याला गाठलं. "तसं कामून सांगितलास?"

"मग काय सांगू? पोरांसमोर तुझं तोंड काळं करू?" मडिवाळप्पा म्हणाला. "आत लई माणसं खोटं बोलली रे. माफी लिहून दिली, दुसऱ्यांची नावं सांगितली. मार बसला की माणूस बोलतंय, मला त्याचा राग न्हाई. तुला तर कुणी मारायलं नव्हतं. तू कामून बोललास?"



दुसऱ्या दिवशी अंकुश हेडमास्तरांकडं गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. निदान मोकळा होईन असं त्याला वाटलं होतं. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "दोघांची नावं वर कळवून झालीत. आता माझी शोभा करू नकोस. जा, वर्गात बस." त्यानं वर्गातही सांगून पाहिलं. पोरं म्हणाली, किती साधा आहे बघा, मोठेपणा नको म्हणतोय.

मडिवाळप्पानं दोन महिन्यांत शाळा सोडली. एका हातानं बापाच्या दुकानात तराजू धरू लागला. अंकुश मॅट्रिक झाला, मास्तर झाला, मंठाळलाच नेमणूक मिळाली. सप्टेंबरात निजामापासून मुक्तीचा दिवस आला की गावकरी भाषणाला बोलवायचे, आणि अंकुशराव त्या दिवशी न चुकता गाणगापूरला जायचे. नवरा दत्ताचा मोठा भक्त आहे, असंच त्यांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना वाटायचं. देवळात ते हात जोडून उभे राहायचे, पण मागायचे काही नाहीत.

एका जूनमध्ये मडिवाळप्पा मुलीला घेऊन शाळेत आला. पोरीनं त्याचा वाकडा हात धरला होता.

"मास्तर, हिचं नाव घाला," तो म्हणाला. "रुद्रम्मा. तुम्ही शिकवाल म्हणून आणली."

अंकुशरावांना आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'तुम्ही' ऐकू आलं. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि मान वर न करता पोरीचं नाव लिहून घेतलं.