दोन खांबांमधले सर

कोणी म्हणालं, "काय जोरात गेली हो गाडी," की आमचे सर उजव्या हाताचं बोट उचलत आणि हवेत, जरा वरच्या अंगाला, एक बारीकसा दोनचा आकडा काढत. "वर्ग करा," म्हणत. "नुसतं जोरात म्हणू नका. वेगाचा वर्ग करा."

तुमच्याही शाळेत विज्ञानाचे असे एखादे शिक्षक असतील. पण ते तास संपला की विज्ञान फळ्यावर ठेवून घरी जात असतील. आमचे सर ते सोबत घेऊन हिंडायचे. वस्तूचं वजन घ्यायचं, वेगाच्या वर्गानं गुणायचं आणि निम्मं करायचं, की तिची गतिज ऊर्जा निघते. म्हणजे ती वस्तू कोणाला धडकली तर किती मार बसेल, त्याचं गणित. नववीच्या पुस्तकात याला मोजून दोन पानं होती. सरांनी त्या दोन पानांवर अख्खी नोकरी काढली, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो. मी मराठी शिकवायचो. म्हणून ते 'सर' आणि मी 'मास्तर'. शाळेतली ही उतरंड कोणी ठरवली ते माहीत नाही, पण चहासुद्धा आधी त्यांच्यापुढं यायचा.

आमच्या मुख्याध्यापकांना पोरांना डस्टर फेकून मारायची सवय होती. एके दिवशी सरांनी ते डस्टर उचललं, समोरच्या किराणा दुकानात नेऊन तोललं आणि शिक्षकसभेत उभं राहून जाहीर केलं की डस्टर दीडशे ग्रॅम, हाताचा वेग सेकंदाला दहा मीटर, म्हणजे मार साडेसात ज्यूल, एवढ्यात पोराचा डोळा जाऊ शकतो. मुख्याध्यापक वरमले. मग मी फेकू तरी काय, असं त्यांनी काकुळतीनं विचारलं. सरांनी दुसऱ्या दिवशी खडू तोलून आणला आणि पाव ज्यूल भरतो म्हणून त्याला परवानगी दिली. त्या महिन्यापासून आमच्या शाळेत खडूची टंचाई सुरू झाली.

लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आधी मूठ उघडून दाणे बघत बसायचे. आशीर्वादानं कोणाला इजा होत नाही, हे त्यांनी वेरूळच्या एका लग्नात आकडेमोड करून मला पटवून दिलं होतं. तेवढ्यात मंगलाष्टकं संपली आणि आम्हा दोघांच्याही अक्षता हातातच राहिल्या.

हे सगळं हसण्यावारी न्यावं असंच होतं. रस्त्याचं प्रकरण घडलं आणि माझं हसणं थांबलं.

आमची शाळा पैठणच्या रस्त्यावर, शहर संपतं तिथं होती. क्रांती चौकातल्या गर्दीतून कशाबशा सुटलेल्या बिडकीनच्या काळ्या-पिवळ्या जीपा आमच्या फाटकापाशी येऊन मोकळ्या व्हायच्या. पुढच्या थांब्यावरची माणसं दुसऱ्या जीपनं उचलायच्या आत आपण पोहोचायचं, एवढा एकच विचार ड्रायव्हरच्या डोक्यात असायचा. पलीकडच्या वस्तीवरून मेंढपाळाची एक मुलगी नववीत यायची. रस्ता ओलांडताना तिला अशाच एका जीपनं उडवलं. मुलगी वाचली, पण पाय कायमचा अधू झाला.

त्या आठवड्यात सरांकडे नववीच्या वह्या तपासायला होत्या. तिची वही उघडून ते किती तरी वेळ बसले होते. गतिज ऊर्जेचं उदाहरण तिनं बरोबर सोडवलं होतं. "उत्तर बरोबर हाय, मास्तर," ते म्हणाले, "पर तिला त्याचा काय उपेग झाला?" त्यांचे डोळे भरले होते.

फाटकासमोर गतिरोधक पाहिजे, असा अर्ज आम्ही रस्त्याच्या कचेरीला केला. मजकूर माझा. मी 'बेफाम, उन्मत्त, काळरूपी वाहने' असं झोकात लिहिलं होतं. सरांनी तिन्ही शब्दांवर काट मारली. विशेषणाला वजन नसतं, म्हणाले. उत्तर आलं की वाहने जोरात जातात हे कशावरून, शाळेच्या वेळेत वेग मोजून आकडे जोडावेत. सर हरखून गेले. एखाद्या कचेरीनं आपल्याकडे आकडे मागावेत, हे भाग्य त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

त्यांनी फाटकाच्या दोन बाजूंचे विजेचे दोन खांब निवडले, मधलं अंतर टेपनं पन्नास मीटर मोजलं आणि खांबांवर चुन्याचे पट्टे ओढले. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी सर हजर. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात खेळाच्या तासाचं स्टॉपवॉच, हातात वही. जीप थांबवून आत किती माणसं आहेत तेही विचारायचे, कारण वजन पाहिजे. ड्रायव्हर सांगायचा नऊ. सर डोकी मोजून लिहायचे सोळा.

"सर, मागं लटकलेले धरायचे नसतात," एक जण कळवळून म्हणाला.

"का बरं? त्यांना वजन नाय व्हय?" सर म्हणाले आणि लटकलेले दोघेही वहीत चढवले.

परिणाम काय झाला असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. आरटीओचा माणूस शाळेपाशी उभा असतो, ही खबर दोन दिवसांत बिडकीनपर्यंत पोहोचली. पांढरा शर्ट दिसला की ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवायचे. पन्नास मीटरला दहा सेकंद. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. म्हाताऱ्या माणसाची सायकलसुद्धा जीपला मागं टाकून जायची. सरांनी जे दिसलं ते इमानदारीत लिहिलं आणि पाठवून दिलं. कचेरीनं कळवलं की आपल्याच आकड्यांवरून वाहने सावकाश जातात असे दिसते, सबब गतिरोधकाची आवश्यकता नाही.

मी म्हटलं, रविवारी मोजा, टोपी काढून, चहाच्या टपरीत बसून. त्यांनी मोजलं. ताशी चौपन्न. वेग तिप्पट, म्हणजे मार नऊपट. सरांनी ते गणित लाल शाईनं सोडवून जोडलं. उत्तर आलं की रविवारी शाळेस सुट्टी असल्याने विद्यार्थ्यांस धोका संभवत नाही. हे उत्तर लिहिणारा माणूस मला आजही एकदा बघायचा आहे. तर्कशास्त्रात तो कोणाला हार गेला नसता.

मग सोमवारी लपा, असा मी हट्ट धरला. सर नाइलाजानं टपरीत बसले, मी शेजारी. रस्ता मोकळा दिसताच जीपा सुसाट सुटल्या. एक जीप पहिल्या खांबाशी आली, सरांनी बटण दाबलं, आणि पाचवीतल्या दोन मुली हातात हात घालून रस्त्यात उतरल्या. सर घड्याळ तसंच चालू ठेवून दोन्ही हात वर करत धावले. ड्रायव्हरनं पांढरा शर्ट ओळखला, ब्रेक करकचून दाबला. जीप मुलींपासून दोन हातांवर उभी राहिली.

परत येऊन ते बाकावर बसले. तेव्हा कुठं घड्याळ बंद केलं. मी म्हटलं, असू द्या, उद्या परत बसू.

"नाय, मास्तर," ते म्हणाले. "आकडा पायजे तर मला लपावं लागतं. अन् मी लपलो की पोरं उघडी पडत्यात. हे आपल्याला जमायचं नाय."

मग मी शेवटचा मार्ग सुचवला. रविवारचे आकडे सोमवारच्या तारखेला लिहा, कोण बघायला येतंय? सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

तेव्हापासून ते उभे राहिले. शाळा भरताना आणि सुटताना, रोज. निवृत्त झाले तरी यायचे. वेग मोजायचे, वहीत लिहायचे, वर्षाअखेर कचेरीला पाठवायचे. अठरा, वीस, सतरा. स्वतःचा अर्ज स्वतःच्याच पुराव्यानं फेटाळून घेणारा असा अर्जदार त्या कचेरीनं दुसरा पाहिला नसेल. पुढं ड्रायव्हरांनाही कळलं की हा आरटीओचा माणूस नव्हे, शाळेतला निवृत्त शिक्षक आहे. तरी ते हळूच जायचे. एकानं मला सांगितलं, आता ठावं हाय, पर सर दिसले की रेसवरचा पाय आपसूक उचलतोय. सात वर्षांत त्या फाटकापाशी एकाही पोराला खरचटलंसुद्धा नाही. कचेरीच्या दृष्टीनं तोही आमच्या विरुद्धचाच पुरावा होता.

एका डिसेंबरात सर दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. शाळेनं एक दिवस सुट्टी दिली. शाळा उघडली त्या दिवशी फाटकापाशी मी आणि शिपाई हात पसरून उभे राहिलो, आणि जीपा आमच्या अंगावर धूळ उडवत गेल्या. आमच्यासाठी कोणाचाच पाय उचलला गेला नाही.

त्याच आठवड्यात कचेरीचा माणूस आला. तरुण इंजिनिअर होता. नव्या साहेबांनी तुंबलेल्या फाइली काढायला सांगितल्या होत्या. चुन्याचे पट्टे आयते दिसले म्हणून त्यानं तिथंच वेग मोजला. मोटारसायकलवर बसलेल्या जीन्सवाल्याला कोण भितो? बारा जीपा मोजल्या. सरासरी चौपन्न.

तो फाइल घेऊन माझ्याकडे आला. सात वर्षं अठरा आणि आज चौपन्न, दोन्ही खरं कसं असेल, असं त्यानं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला पटलं, गुरुजी," तो म्हणाला. "पण हे लिहायला रकाना नाय. जुने आकडे चुकले होते असं शाळेनं लिहून दिलं, तर महिन्यात काम होतंय. नायतर परत चौकशी, परत वर्ष-दोन वर्षं."

मधल्या सुट्टीची वेळ होत आली होती, पोरं रस्त्यावर उतरणार होती. मी कागद घेतला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की यापूर्वी शाळेने केलेली वेगमोजणी सदोष होती. खाली सही केली. उभ्या आयुष्यात एक आकडा खोटा न लिहिलेल्या माणसाबद्दल मी हे लिहिलं, आणि माझा हात थरथरलासुद्धा नाही. याची मला आजही लाज वाटते.

गतिरोधक महिन्याभरात झाला. चांगला उंच झाला. जीपा आता तिथं बैलगाडीच्या चालीनं जातात.

सरांच्या पत्नी अधूनमधून बाजारात भेटतात. परवा त्यांनी पिशवी खाली ठेवून मला विचारलं, "यांच्या आकड्यांनीच झालं ना शेवटी काम, मास्तर?"

मी व्हय म्हणालो.