भाताच्या मुळांसाठी कुंभारी सोडली

सोलापूर स्टेशनवर गाडी लागली, तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, खिडकीबाहेरून डब्यातल्या अनोळखी माणसांना सांगत होते, "पोरगी फिलिपिन्सला चाललीय. भाताच्या मुळ्या शिकायला."

समोरच्या काकूंनी विचारलं, "तुमच्याकडं भात हुतो व्हय?"

"न्हाय की. आमच्याकडं ज्वारी," असं म्हणून आप्पाच गोंधळले आणि माझ्याकडे बघायला लागले. मलाही सांगता येईना. आमच्या गावी, कुंभारीत, भात शिजायचा तो सणाला, नाहीतर आजारपणात. गाडी हलली, तरी आप्पा खिडकीबरोबर चालत राहिले.

तिकडे सगळं ओलं आणि हिरवं. लॅबमध्ये माझ्या वाट्याला भाताचं एक म्यूटंट आलं. साध्या भाताचं बी रुजलं की आधी एक मूळ फुटतं, मग खोडाच्या तळातून मुळांचा झुबका येतो, आणि रोप त्या झुबक्याच्या आधारानं उभं राहतं. माझ्या रोपांत एक जनुक बिघडलं होतं, त्यामुळे झुबका येतच नव्हता. मुळं फुटायला ऑक्झिन हे हार्मोन लागतं. रोपात ते होतं, पण त्याचा निरोप पुढे पोचत नव्हता. मी बाहेरून ऑक्झिन देऊन पाहिलं. थोडं दिलं तर काहीच होईना, जास्त दिलं तर होतं ते मूळही आखडलं. दर खेपेला निराळंच काहीतरी दिसायचं. लॅबचे सर विचारायचे, याचा अर्थ काय? मला खरंच कळत नव्हतं.

एकदा व्हिडिओ कॉलवर आप्पांना ती रोपं दाखवली.

"हिला एकच मुळी?" ते म्हणाले. "मंग जगती कशी?"

"नळीत, पाण्यात जगते आप्पा. शेतात लावली तर आडवी पडेल."

"मंग पाण्यातच ठिव की तिला." मग त्यांनी मनातला विषय काढला. माझा भाऊ महेश सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेऊन राहत होता. आई-आप्पांनी तिथं यावं आणि गावचं घर विकावं, असं त्याचं म्हणणं होतं. "तू परत येणार असशील तर घर ठिवतो. व्हय का न्हाय, तेवढं सांग."

तिकडे मला आणखी काही वर्षं थांबायला सांगितलं होतं. ते हवं होतं, आणि घरही हवं होतं. मी म्हणाले, "आप्पा, मला नाही माहीत."

"तुलाच न्हाय म्हाईत, तर मी काय करू?" त्यांनी फोन आईकडे दिला.

घर विकलं गेलं. सुट्टीत आले तेव्हा स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला सवयीनं "कुंभारी" म्हणाले, मग "नाही नाही, जुळे सोलापूर" म्हणाले. आप्पा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. रागावलेले असतील असं मला वाटलं होतं. पण चहा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तिकडं गेल्यावर तुला पहिल्यांदी कसं वाटलं हुतं गं?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "सगळं चुकीचं वाटायचं. झोपायची दिशासुद्धा."

"आन् मंग?"

"मग इकडे आले की इकडचं चुकीचं वाटायला लागलं."

त्यांनी मान डोलावली. मागं राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या गेलेल्यांना मला हेच सांगायचंय: आप्पा गावातून कधी हलणार नाहीत असं मी धरून चालले होते. आता तेही माझ्याइतकेच नवखे होते, आणि तेसुद्धा उतारवयात.

संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला निघालो. परतताना बघतो तर सगळ्या इमारती एका रंगाच्या, गेटही सारखेच. दोन गल्ल्या हिंडलो. महेशला फोन करते म्हटलं, तर आप्पा "नगं" म्हणाले. शेवटी एका वॉचमननं हटकलं, "कुणाकडं जायचंय, काका?"

"कुणाकडं न्हाय बाबा, घरीच जायचंय," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "पर कंचं ते आमा दोघास्नीबी सांगता येईना."

वॉचमनला महेशचं नाव माहीत नव्हतं. मी आप्पांचा हात धरला, आणि आम्ही पुढच्या गेटवर विचारायला निघालो.