सतरंजीसाठी वल्हं

पाण्याचं वल्हवायचं यंत्र आमच्या घरात माझ्या गुडघ्यांमुळे आलं, असं माझी नात सगळ्यांना सांगते. गुडघे बिचारे निमित्त. खरं कारण म्हणजे विहारातली सतरंजी.

आषाढी पौर्णिमेला आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी. पुढं एक जण वाचतो, बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात. म्हणजे पुढचे ऐकतात. मागं खांबाजवळ बसणाऱ्या बायका ऐकता ऐकता इतर पुष्कळ कामं उरकून घेतात. कुणाची सून रुसून माहेरी बसली, कुणाच्या नव्या घराचा जिना भलतीकडंच निघाला, हे सगळं ओठ न हलवता सांगायची कला त्या खांबाजवळ शिकायला मिळते. मी जन्मभर शाळेत मागच्या बाकावरच्या पोरांना 'गप्प बसा' म्हणून दटावलं. ती पोरं मागंच का बसायची, ते मला निवृत्तीनंतर खांबाजवळ बसल्यावर कळलं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप केला. खाली बसायचं कसंबसं जमायचं, पण उठताना दोघींना मला ओढावं लागायचं. मग विहारातल्या मुलांनी मोठ्या आदरानं भिंतीकडेला प्लास्टिकची खुर्ची टाकली. "आजी, तुम्ही आता इथं बसत जा." झालं! खुर्चीवरून वाचन अगदी स्पष्ट ऐकू येतं आणि दुसरं काहीही ऐकू येत नाही. खाली खांबाजवळ पदर तोंडाला लावून हसणं दाबलं जायचं आणि मी वर पुतळ्यासारखी ताठ. घरी जाताना विचारलं, की म्हणायच्या, "काय न्हाय हो, सहज." नंतर सांगितलेल्या गोष्टीला गार भज्यांइतकीच चव.

या सगळ्याचा आनंद झाला तो एकाच व्यक्तीला. माझ्या थोरल्या नणंदेला. ती राहते निरवांगीला, नीरेच्या काठावर. आमचे हे गेल्यापासून उन्हाळा लागला की ती बारामतीला माझ्याकडं येते आणि ग्रंथवाचन संपेपर्यंत मुक्काम ठोकते. वयानं माझ्याहून मोठी, पण जन्मभर खुरपं हातात धरून उकिडवी बसलेली. जमिनीवरून अशी उठते, की बघणाऱ्याला वाटावं, हिला खालून कुणी ढकललं. मला खुर्चीवर बघून तिला जे हसू फुटलं, त्याला जुनं कारण होतं.

ते कारण म्हणजे मी. म्हणजे आज आहे ती नव्हे. पंचविशीच्या आतली, नव्यानं नोकरीला लागलेली, खळीच्या सुती साड्या नेसणारी एक बाई. तिला मी आता 'मॅडम' म्हणते, कारण तिनंच सगळ्यांना तसं म्हणायला लावलं होतं. मॅडमना सासर मिळालं अंथुर्ण्याचं. शेणानं सारवलेली पडवी, सगळी माणसं जमिनीवर. मॅडमच्या साडीची खळ मोडायची. मग मॅडमनी काय करावं? घडीची लोखंडी खुर्ची घेतली आणि सुट्टीत सासरी जाताना ती एसटीतून बरोबर न्यायला सुरुवात केली. कंडक्टर म्हणायचा, "ताई, गाडीत बाकडी हायत की!" मॅडम खिडकीबाहेर बघायच्या.

सासरी सगळी पंगत खाली आणि मॅडम मध्येच खुर्चीवर, ताट मांडीवर. आमटी वाटीतून ताटात, ताटातून साडीवर. खळ वाचवायला खुर्ची आणली आणि घरी जाताना साडीवर हळदीचे नकाशे. नणंद तेव्हा माहेरपणाला आलेली असायची. ती घास हातात धरून, मान वर करून विचारायची, "मॅडम, वरनं काय दिसतंय?"

मॅडमना वाटायचं, खेडवळ बाई, हिला काय कळणार. मला आज विचाराल, तर त्या ध्यानाला खुर्चीसकट उचलून ओढ्यात नेऊन ठेवावं असं वाटतं. ज्या बाईनं जमिनीवर बसायचं नाही म्हणून एवढा खटाटोप केला, तिच्याच गुडघ्यांना मी आता 'खाली बसवा रे' म्हणून विनवत होते.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, झीज आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. जिने टाळा. मांड्यांत ताकद आणा. सायकल चालवा नाहीतर वल्हवायचं यंत्र घ्या, हळूहळू सुरुवात करा. नात इथल्याच कॉलेजात शिकते, माझ्याजवळ राहते. तिनं त्याच संध्याकाळी मला भिगवण रस्त्यावरच्या व्यायामाच्या सामानाच्या दुकानात नेलं.

पहिलं यंत्र चुंबकाचं. नात म्हणाली, "आजी, हे बघ. अजिबात आवाज नाही."

"मग चाललंय की बंद पडलंय, ते कळायचं कसं?"

दुसरं हवेचं. दांडा ओढला की आतला पंखा असा घोंघावला, की मी नकळत पदर डोक्यावर घेतला. खळ्यावर उफणणी चालली की भुसा केसांत जातो, ती सवय.

तिसरं पाण्याचं. पुढं पारदर्शक गोल टाकी, आत पाणी, पाण्यात वल्ह्याची पाती. घसरत्या बैठकीवर बसायचं, पाय पट्ट्यात अडकवायचे, दांडा पोटाशी ओढायचा. दुकानदारानं ओढून दाखवलं. चळ्ळकन पाणी फिरलं आणि मग आपल्याआपण निवत गेलं. निरवांगीला दुपारच्या म्हशी नीरेत शिरतात, तेव्हा असाच आवाज येतो. मी म्हटलं, पुन्हा ओढा. त्यानं पुन्हा ओढलं. मी म्हटलं, अजून एकदा. नात म्हणाली, "आजी, त्यांना व्यायाम झाला."

दुकानदार समजावू लागला. "पाणी भरपूर भरलं की जड लागतं, कमी भरलं की हलकं. तुमच्या ताकदीप्रमाणं भरायचं."

"आणि पाणी रोज बदलायचं?"

"छे! ही गोळी टाकायची. वर्ष वर्ष तेच पाणी राहतं."

वर्षभराचं शिळं पाणी! आमच्याकडं रात्रीचं पाणी सकाळी शिळं होतं. ते झाडाला ओतायचं, हंडा घासायचा, ताजं भरायचं. मग दुसरी कामं. माझ्या आजीच्या काळात गावात आमच्या माणसांना पाणी वरून ओंजळीत वाढलं जायचं. तिची नात आता नुसतं ढवळायला टाकीभर पाणी घरात ठेवणार होती. म्हातारीनं बघायला हवं होतं. बहुतेक म्हणाली असती, "ढवळ, ढवळ, चांगलं ढवळ."

पाण्याची यंत्रं दोन होती. एकाची बैठक खुर्चीएवढी उंच, एकाची पाटाएवढी खाली. नात आणि दुकानदार दोघंही उंच यंत्रालाच धरून बसले. "ज्येष्ठांना हेच बरं, आजी. बसा, उठा, त्रास नाही." मी उंचावर बसले, उठले. खरंच त्रास नाही. मग खालच्यावर बसले. बसले ती बसलेच. एकदा जोर केला, बैठक मागं घसरली. दुसऱ्यांदा जोर केला, पुढं घसरली. शेवटी एक हात दुकानदारानं आणि एक नातीनं धरला, तेव्हा मी जमिनीवर उभी राहिले.

"हेच द्या," मी म्हटलं.

"आजी! यावरून तुला उठता आलं नाही."

"म्हणून तर. ज्यावरून उठता येतं, ती खुर्ची विहारात आहेच की."

यंत्र मागच्या खोलीत खिडकीजवळ बसलं. नणंद भोवती फिरून, वाकून सगळं बघून आली. "नाव घेतलीस, आन् ती जाग्यावरच? जायाचं कुठं हिच्यातनं?"

"सतरंजीवर, वन्सं."

ती खोखो हसली. मग टाकीकडं बोट करून म्हणाली, "ह्या पाण्यात औषध कशाला टाकतीस? आजारी हाय का ते?" तिच्या धाकानं गोळी कपाटातच राहिली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. दांडा ओढताना वाटायचं, आतून कुणीतरी पाणी घट्ट धरून बसलंय. आणि उतरताना रोज तीच तऱ्हा. खिडकीचा गज धरायचा, कुशीवर वळायचं, एक गुडघा, मग दुसरा, तोंडानं नाना आवाज. नणंद दारात चहाचा कप घेऊन उभी. "मॅडम, गाय व्याली का?" पण रोज उतरावं लागेच. दुसरा इलाजच नव्हता, त्यावर झोपता येत नाही.

मग हळूहळू दांडा हलका होऊ लागला. आज कालच्यापेक्षा हलका, उद्या आजच्यापेक्षा. घामानं चष्मा घसरतो म्हणून मी तो काढून ठेवायची आणि डोळे मिटून, नीरेतल्या म्हशींचा आवाज मनात आठवत नुसती ओढत राहायची. पुण्याला मुलाला फोन करून सांगितलं, "तुझ्या आईच्या दंडात बळ आलंय. पुढच्या वेळी आलास की पंजा लढवू." नातीनं यंत्राच्या पडद्यावर बघून भुवई वर केली. "आजी, आकडे काही वाढलेले दिसत नाहीत गं."

"यंत्राला काय कळतंय? ओढते कोण, ते का मी?"

त्याच सुमारास परसातल्या कढीपत्त्याला भर उन्हाळ्यात कोवळी पालवी फुटली. मी म्हटलं, सगळ्या घरालाच यंत्र लाभलं.

आषाढी पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसले. खळ नसलेली. विहारात मुलानं सवयीनं खुर्ची पुढं केली. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि सरळ खांबाजवळ गेले. बायकांनी सरकून जागा केली. मी बसले. खांबाचा थंडावा पाठीला लागला आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या शेंगदाण्यांचा वास आला. अहाहा! वर्षभर मी याच वासाला मुकले होते.

वंदना झाली, वाचन सुरू झालं. नणंद शेजारीच होती. ओठ न हलवता म्हणाली, "मॅडम, खालनं काय दिसतंय?"

"सगळं," मी म्हटलं. "पाय किती दिसतात बघा. आणि दंडात एवढं बळ आलंय, वन्सं, की उठताना तुमचा हातसुद्धा धरणार नाही."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "एक सांगू का? रागवू नगंस."

"सांगा की."

"ते तुझ्या टाकीतलं पानी... मी काढत हुते."

"म्हणजे?"

"शिळं पानी घरात ठिवायचं म्हंजी माजं मन खातंय गं. त्या खोक्यात रॉकेलच्या पंपागत एक नळी हुती बघ. रोज पहाटं तिनं तांब्याभर काढायची, कढीपत्त्याला घालायची. ताजं भरायचंच हुतं, पर तवर नळाला पानी यायचं, मग हंडं, पिंप... इसरूनच जायाचं."

"किती उरलंय आता?"

"तळाला हाय थोडं."

पुढं वाचणारे शांतपणे वाचत होते. मी डोळे मिटून बसले. लोकांना वाटलं असेल, आजी ध्यानात गेल्या. मला दिसत होतं ते एवढंच, की एक बाई रिकाम्या टाकीत वल्हं मारतेय आणि पुण्याला फोन करून पंजा लढवायच्या गोष्टी करतेय. मॅडम मेल्या नव्हत्या तर! इतक्या वर्षांनी खुर्ची सोडून बैठकीवर येऊन बसल्या होत्या.

बळ आलंच नव्हतं. आणि आता वाचन संपत आलं होतं; शेवटच्या गाथेला सगळे उभे राहतात. एवढ्या लोकांत पुन्हा दोघींनी ओढायचं, आणि उद्यापासून ती प्लास्टिकची खुर्ची कायमची.

सगळे उठले. पांढऱ्या साड्यांचं रान भोवती उभं राहिलं. नणंदेनं हात पुढं केला. मी तो धरणारच होते. पण माझं अंग माझं ऐकेना, ते आपल्याच सवयीनं निघालं. कुशीवर वळलं. खिडकीच्या गजाच्या जागी खांब सापडला. एक गुडघा, मग दुसरा. तोंडातून आवाज आला, तो कुणालातरी गाथेतलाच वाटला असावा. आणि मी उभी होते.

दंडांना काहीच मिळालं नव्हतं. पण त्या पाटाएवढ्या बैठकीवरून रोज पडत, धडपडत, शिव्या देत उतरले होते ना, ते मांड्यांनी जपून ठेवलं होतं. उठण्याचं श्रेय पाण्याला नव्हतंच. टाकी भरलेली असो की कोरडी, उठावं तर लागायचंच.

नणंद तोंडावर पदर घेऊन बघत होती. गाथा संपली, माणसं चपला शोधायला बाहेर निघाली. ती म्हणाली, "आगं बया, उठलीस की गं! चल आता, घरला जाऊ. टाकी भरायची हाय."

"टाकी उद्या भरू," मी म्हटलं आणि खांबाला धरून पुन्हा खाली बसले. "वाचनाच्या सुरुवातीला तुम्ही पलीकडच्या बाईंना त्या जिन्याचं काहीतरी सांगत होता. ते अर्धंच राहिलंय. बसा अशा. मला आधी सगळं पहिल्यापासून सांगा."