दोन डब्यांचा एक डबा

आमच्याकडं दोन डब्या होत्या. साबणाच्या, प्लास्टिकच्या, गावाला जाताना नेतात त्या. आत सर्किट, वर पायानं दाबाचं बटन. गिटारची वायर डबीतून ॲम्प्लिफायरला जाये. माझी डबी दाबली की आवाज थरथरे. माझ्या दोस्ताची दाबली की आवाज फाटे! असा फाटे की लग्नाच्या मांडवात जेवत बसलेले लोक घास हातात धरून स्टेजकडं पाहत. दोन्ही घरीच बनवल्या होत्या, एका मासिकातली आकृती वहीत उतरवून. गिटार एकच होती, ऑर्केस्ट्रात आम्ही आळीपाळीनं वाजवत होतो.

पण डब्या हलक्या, स्टेजवर घसरत. तिकडं गाणं चालू अन् इकडं मी पायानं डबी शोधून राहिलो, असं नेहमीचं. म्हणून ठरवलं, दोन्ही सर्किटं एकाच जड लोखंडी डब्यात टाकू. इतवारीत भांड्याच्या गल्लीत गेलो. दोस्त प्रत्येक डबा उलटा करून ठोकून पाहे.

दुकानदार म्हणे, "काय ठेवाचं आहे गा? पोळ्या का फरसाण?"

"आवाज," दोस्त म्हणाला.

"मंग झाकण घट्ट पाहून घे. नाहीतर घरी पोचेपर्यंत उडून जाईन."

एक डबा घेतला, अन् आम्ही रस्ताभर हसलो. पंधरा दिवसांनी दोस्ताले कावीळ झाली. आठव्या दिवशी तो गेला.

मी रडलो नाही. रडू येईन म्हणून वाट पाहिली, आलंच नाही. जेवत होतो, झोपत होतो, सायकलची हवा भरत होतो. सगळं होत होतं, फक्त दुसऱ्याच कोणाचं होऊन राहिलं असं वाटे.

महिन्याभरानं त्याच्या आईनं त्याची डबी माझ्या हातात दिली. "घेऊन जा बाबू, तुमच्या दोघांचंच होतं ते." तसा फाटका आवाज मी दुसऱ्या कोणत्या ऑर्केस्ट्रात ऐकला नव्हता, अन् तो काढणारा आता नव्हता. तो आवाज मले राखाचा होता. बाकी काही नाही.

दुपारी बसलो. त्याची डबी उघडली. त्याचे सोल्डरचे गोळे एवढाले मोठे! मी त्याले नेहमी चिडवे, "बे, सोल्डर केलं का गुलाबजाम तळले?" तो म्हणे, "वाजते ना? मंग गप बस."

अन् मले दिसलं, त्यानं बॅटरीची लाल वायर बॉडीला, म्हणजे सर्किटातल्या सगळ्या वायरी जिथं मिळतात त्या तारेला, लावली होती. बॉडीला काळी लागते, लाल नाही, हे तर शेंबडं पोरगंही सांगीन. माझ्या डबीत काळीच होती. म्हटलं, घाईत चुकला. मी दुरुस्त केलं. दोन्ही सर्किटं लोखंडी डब्यात बसवली, त्यांले मिळून एकच बॅटरी लावली, काळी बॉडीला, अन् डबा बंद केला.

माझी बाजू थरथरली. त्याची बाजू मुकी.

मंग मी एकेक जोड उकलला, पुन्हा लावला. त्याच्या सर्किटात जुन्या रेडिओतला ट्रान्झिस्टर होता, नाजूक. दोस्त सोल्डर करताना ट्रान्झिस्टरच्या पायाले चिमटा लावून धरे, म्हणजे गरमी चिमट्यात जाये. हे मले माहीत होतं. मी शंभरदा पाहिलं होतं. अन् मी चिमटा न लावता सोल्डरिंगची तापलेली सळई इस्त्रीसारखी टेकवून बसलो. किती वेळ, माहीत नाही. हात आपले चालत होते, मी भिंतीकडं पाहत होतो.

शेवटी डबा घेऊन त्याच्या बाबांकडं गेलो. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यांनी डबा उघडून पाहिला.

"वायर काहून बदलली?"

"उलटी होती काका."

"उलटी नव्हती. या जुन्या ट्रान्झिस्टरले लालच बॉडीला जाते. तुझे नवे आहेत, त्यांले काळी. एका बॅटरीवर दोघं नाही चालत. दोन लाव." मंग मीटर लावून म्हणाले, "अन् हा जळला. चिमटा नाही लावला?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी एका मोडक्या रेडिओतून दुसरा ट्रान्झिस्टर काढला, चिमटा लावून बसवला, दोन बॅटऱ्या जोडल्या. म्हणाले, "वाजव."

मी वाजवलं. आवाज फाटला, पण वेगळा. भरल्या तोंडानं कोणी बोलावं तसा. त्याचा तो मांडवाले थांबवणारा आवाज त्यात नव्हता, अन् आता कुठंच नव्हता. मले वाटलं, आता तरी काही वाटीन. नाही वाटलं.

बाबांनी त्याले कधी वाजवताना ऐकलंच नव्हतं. पोरगं ऑर्केस्ट्रात जाते म्हणून ते त्याच्यावर चिडूनच राहत. त्यांनी विचारलं, "असाच वाजे का त्याचा?"

"हो काका," मी म्हटलं. "असाच."

त्यांनी पंखा बंद केला, स्टूल जवळ ओढलं. "अजून एकदा वाजव."

मी वाजवलं. ते बस म्हणेपर्यंत वाजवत राहिलो.