आयांच्या मापाचं संमेलन

"स्टेजवर चालायचं म्हणजे नक्की काय करायचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एका बाजूनं यायचं, मध्ये थांबायचं, वळायचं आणि दुसऱ्या बाजूनं निघून जायचं," शमीम म्हणाली. "आपण शिवलेला ड्रेस घालून."

"आणि पाहुणे बघणार."

"हो बाई. ड्रेस बघणार."

"ड्रेस हँगरवरही दिसतो," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा टेबलावर आला की विषय संपला, असं शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

मी शमीमच्या मागे उभी होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. साताऱ्यात मुलींच्या एका शिवणशाळेत मी कटिंगची इन्स्ट्रक्टर होते. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. शाळेचं विद्यार्थिनी मंडळ माझ्याकडे होतं. शनिवारी सभा, महिन्याचं भित्तिपत्रक आणि हॉस्टेलमधली भांडणं हे मंडळाचं काम. वर्षाच्या शेवटी संमेलन. शमीम त्या वर्षीची मंडळाची अध्यक्ष. ती सांगलीची. वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि आई घरी बसून त्याच दुकानाची काजं-बटणं करायची.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. हॉस्टेलमध्ये माण-खटावकडच्या मुली होत्या, कराडच्या होत्या, सांगलीच्या होत्या. कितीतरी बापांनी "बाई, तुमच्या भरवशावर" असं म्हणून त्यांना इथं सोडलं होतं. मुली फॅशन करून स्टेजवर फिरल्या, एवढी बातमी एसटीतून गावी पोचली असती तर पुढच्या वर्षी निम्मं हॉस्टेल रिकामं झालं असतं. ही भीती खोटी नव्हती.

शमीम दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मुलींनी चालायचं नाही ना बाई? मग आमच्या आयांनी चाललं तर?"

मोठ्या बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तुमच्या आया? स्टेजवर?"

"आम्ही शिवलेले ब्लाउज घालून."

"आल्या तर चालू देत," मोठ्या बाई म्हणाल्या. एकही यायची नाही, अशी त्यांची खात्री असावी. मलाही तसंच वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुली टेप घेऊन घरी गेल्या. तोवर त्या डमीवर शिकत होत्या. डमी म्हणजे कापूस भरलेलं, कापडानं मढवलेलं बाईचं धड. ते कधी जाड होत नाही, कधी वाकून उभं राहत नाही आणि माप घेताना लाजत नाही. आया या सगळ्याच गोष्टी करतात. सुट्टीनंतर सुनंदा माझ्याकडे आली. ही म्हसवडची. घरी मेंढरं होती. वडील मुंबईला गोदीत. वर्गातली सर्वांत घाबरट मुलगी, पण हाताला विलक्षण साफ.

"बाई, आय माप घ्यायलाच उभी राहीना. म्हणती, मी गाठीची चोळी घालणारी बाई, मला कशाला झंपर? मग ती भाकरी थापताना पाठीमागनं टेप टाकला."

"आणि छाती?"

"ती झोपल्यावर."

बाकीच्या मुली हसल्या. सुनंदा हसली नाही. तिला परीक्षेपेक्षा या ब्लाउजचीच काळजी जास्त होती.

काम सुरू झालं. पोरी जेवणाच्या सुट्टीतही कटिंग टेबल सोडेनात. फक्त शमीमचं कापड घडीतच पडून होतं. मोरपंखी रंगाचं सुंदर पॉपलिन. मी विचारलं की ती म्हणायची, "उद्या कापते, बाई."

शनिवारच्या सभेत सुनंदानंच विषय काढला. कधी तोंड न उघडणारी मुलगी उभी राहिली म्हणून सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"शमीमची अम्मा येणार न्हाई. ती पडदा पाळती. हॉलमधी बाप्ये असले तर ती बुरखा काढणार न्हाई. शमीम आपल्याला सांगंना, म्हणून मी सांगती."

शमीम खाली बघत म्हणाली, "तुम्ही करा ना. माझ्या एकटीसाठी कशाला?"

"तुझ्या डोक्यातनं निघालं आन् तुझीच आय न्हाई?" सुनंदा म्हणाली. "मग माझी बी न्हाई."

ठराव मांडायची गरजच उरली नाही. सगळ्या आया, नाहीतर एकही नाही, असं ठरलं. पण हॉलमध्ये पुरुष नको म्हणजे प्रमुख पाहुणेही नकोत. प्रमुख पाहुणे होते आमच्या व्यवस्थापक समितीचे चेअरमन, लष्करातून रिटायर झालेले सुभेदारसाहेब. त्यांचा होकार घेऊन झाला होता आणि त्यांनी भाषण लिहूनही ठेवलं होतं.

"दिलेलं आमंत्रण मी मागे घेणार नाही," मोठ्या बाई मला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला त्यांच्याकडे जायचं असेल तर जा."

मी गेले. सुभेदारसाहेब अंगणात खुर्चीवर बसले होते. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे मी यायचं न्हाई," ते म्हणाले.

"तसं नाही साहेब. पण..."

"बाई, तसंच हाय ते. मला हुकूम कळतोय."

सुभेदारीणबाई चहा घेऊन आल्या होत्या. दारातूनच त्यांनी ऐकलं असावं. "आवं, मी जाते की पाहुणी म्हणून," त्या म्हणाल्या. "बायकांच्या कार्यक्रमाला बाईच बरी."

"आन् माझं भाषण?"

"ते मी घरात रोज ऐकते. त्यातलं चांगलं चांगलं सांगीन."

सुभेदारसाहेबांच्या मिशा हलल्या. हसू होतं की राग, मला कळेना. बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "गेटावर कोण हाय?"

"शिपाई आहे आमचा."

"तो बी बाप्याच की. त्येला सुट्टी द्या. गेट मी सांभाळतो."

परत आल्यावर मी शमीमला एवढंच सांगितलं की कापड काप. त्याच संध्याकाळी मोरपंखी कापड टेबलावर आलं आणि सुनंदा खडूनं खुणा करायला तिच्या शेजारी उभी राहिली.

संमेलनाच्या दिवशी सकाळी आया येऊ लागल्या. मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हसवडच्या एसटीनं आल्या, सांगलीच्या आल्या, एक तर कडेवर नातू घेऊन आली. शमीमची अम्मा आत येऊन दार लागेपर्यंत बुरख्यात होती. मग तिनं तो काढून त्याची नीट घडी केली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं करणारी ही बाई. स्वतःचा ब्लाउज मात्र दुकानात उरलेल्या कापडाचा, अंदाजानं कापलेला. मोरपंखी ब्लाउज अंगात घातल्यावर तिनं दोन्ही हातांनी कंबर चाचपली आणि म्हणाली, "हे माझंच माप हाय की."

इथं ट्रायलबद्दल सांगायला हवं. ब्लाउज पक्का शिवण्याआधी कच्चे टाके घालून गिऱ्हाइकाला घालून बघतात. ती ट्रायल. आमची गिऱ्हाइकं गावोगाव, त्यामुळे पहिली ट्रायल थेट कार्यक्रमाच्या सकाळी. कुणाचा सैल झाला, कुणाचा हूक लागेना. शिवणीत मार्जिन सोडलेलं होतं, त्यामुळे किरकोळ टाचून-उसवून भागलं. सुनंदाच्या आईचा ब्लाउज मात्र पहिल्या फटक्यात बसला. पाठीवर चुणी नाही, बाहीला ओढ नाही. मी मनातल्या मनात मार्क देऊन मोकळी झाले.

"ब्येस झालंया," आई म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन हात मांडीवर ठेवून बसली.

मोठ्या बाई ट्रायलच्या खोलीत आल्या तेव्हा सुनंदा म्हणाली, "आय, डोक्यावर पदर घे की."

"असू दे."

"मोठ्या बाई हायेत. घे."

आईनं हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिनं मान वाकवून डोकं हाताकडे नेलं आणि कसाबसा पदर ओढला.

सुनंदाचा चेहरा उतरला. "आय, दंडाला आवळतंय व्हय?"

"न्हाई गं. नवं हाय म्हणून."

"मला का सांगितलं न्हाईस?"

आई हळू आवाजात म्हणाली, "तुज्या बाईंसमोर कसं सांगू? तुजं मार्क जातील."

सुनंदा खाली बसली आणि रडायला लागली. मी तिच्या आईच्या बगलेत हात घालून बघितलं. मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल, अगदी मापात होता. पण ही बाई रोज डोक्यावर हंडा चढवणारी, कडब्याच्या गंज्या रचणारी. तिच्या गाठीच्या चोळीला बगलेत जादा तुकडा असतो, म्हणून तिचा हात सरळ आभाळाकडे जातो. आम्ही शिकवलेला ब्लाउज हात खाली ठेवून उभं राहणाऱ्या बाईचा होता. आणि ज्या डमीवर सगळं शिकवलं, त्या डमीला हातच नव्हते.

"कळी घालावी लागेल," मी म्हणाले. कळी म्हणजे बगलेत बसवायचा छोटा चौकोनी तुकडा. त्यासाठी दोन्ही बाह्या उसवायच्या. बाहेर हॉलमध्ये सुभेदारीणबाई येऊन बसल्या होत्या.

आईनं ब्लाउज काढून सुनंदाच्या हातात दिला. शमीमनं तिच्या हातातून ब्लाउज घेतला. "मी उसवते. तू तुकडे काप. उरलेलं कापड आणलंयस ना?"

"तुला माईकवर जायचंय."

"थांबतील."

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. वेळेच्या बाबतीत त्या फार कडक. त्या हॉलमध्ये गेल्या आणि स्वतःच माईकसमोर उभ्या राहिल्या. शाळेचा इतिहास त्यांनी इतका सावकाश सांगितला की आत पायमशीन थांबेपर्यंत तो पुरला.

मग आया चालल्या. शमीम माईकवरून प्रत्येकीचं नाव पुकारत होती. अमकीची आई म्हणून नाही, तिचं स्वतःचं नाव. नाव ऐकून काही जणी दचकल्या. कडेवरच्या नातवासकट एक आली. शमीमची अम्मा मध्यभागी थांबली, लेकीनं शिकवल्याप्रमाणे सावकाश वळली आणि पाठ दाखवली. पाठ बसवणं सगळ्यात अवघड. वळताना तिनं खांद्यावरून मागे बघितलं. आमच्या अध्यक्षबाई माईकसमोर पुढचं नाव वाचायचं विसरल्या.

सुनंदाची आई शेवटी आली. वळायचं वगैरे तिनं काही केलं नाही. मध्ये उभी राहिली आणि दोन्ही हात सरळ वर केले. सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना नेमकं कळलं होतं.

बाहेर गेटापाशी शमीमचे वडील आणि इतर चार-दोन बाप आले होते. सुभेदारसाहेबांनी एकालाही आत सोडलं नाही. "माझी स्वतःची बायको आत पाहुणी हाय, तरी मी जात न्हाई. तुमी कुठं चाललाय?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवलं आणि लिहून आणलेलं भाषण पूर्ण ऐकवलं. जाताना ते मला म्हणाले की इतकं शांतपणे त्यांचं भाषण आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

पुढच्या वर्षापासून शेवटच्या टर्मला आईसाठी एक कपडा शिवणं मोठ्या बाईंनी सक्तीचं केलं. मुलींनी कुरकुर केली, कारण तोवर गल्लीतल्या मावश्या आणि काकूही माप द्यायला उभ्या राहू लागल्या होत्या. सुनंदा पास होऊन म्हसवडला गेली. तिच्याकडे शिवलेल्या ब्लाउजमध्ये बाई घागर उचलू शकते, असं तिकडून येणाऱ्या मुली सांगायच्या.

मी रिटायर होईपर्यंत शिकवलं. पहिल्या तासाला एक गोष्ट न चुकता सांगायचे. गिऱ्हाईक "छान झालंय" म्हणालं की खूश होऊन पैसे मागायचे नाहीत. आधी त्याला हात वर करायला लावायचे. गिऱ्हाईक आपली आई असेल तर तिच्या बोलण्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही.