बाबा आणि मंत्रिमहोदय, एकाच चौकटीत

बाबांच्या तेराव्याला फोटो हवा होता. दादाने नोएडाच्या फ्लॅटमध्ये नुकताच टाकीत शाई ओतायचा फोटो प्रिंटर आणला होता. सोसायटीत तिघांकडे आल्यावर आमच्याकडे येणं ओघानंच आलं. दिवाणखान्यात त्याची जागा देव्हाऱ्यापेक्षा मोठी होती.

आईने फोटो निवडून ठेवला होता. बाल्कनीत उन्हात बनियनवर बसलेले बाबा, पुढ्यात मटारच्या शेंगा. दादाने निवडला तो कुठल्याशा समारंभातला. मध्यभागी मंत्रिमहोदय, कडेला आमचे बाबा, घाईत कुणीतरी पुढे ढकलल्यासारखे.

"आई, यार, ऑफिसचे लोक येणार. बनियन कसं दाखवायचं?"

"आणि हार? दोघांना मिळून घालू? ते गृहस्थ जिवंत आहेत अजून," आई म्हणाली.

"हार बाबांच्या बाजूला सरकवू. बिल्कुल कळणार नाही."

कडेला पांढरी पट्टी नको म्हणून दादाने कागदभर छापायला लावलं. मशीनने बाबांचा एक कान कापला. चित्र थोडं सरकवलं असतं तर कान वाचला असता, पण मग मंत्र्यांचा खांदा गेला असता. दादाने खांदा वाचवला. मंत्र्यांच्या खांद्यापुढे बाबांचा कान स्वस्त झाला. मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "तू लगेच इमोशनल होतेस."

तेराव्याला त्याचे साहेब आले. त्यांनी फोटोकडे पाहून हात जोडले. कोणाला जोडले ते सांगता येणार नाही. मग हळू आवाजात विचारलं, "ये मंत्रीजी के साथ कब की है?"

दादा खुलला. समारंभ, जेवण, मंत्री बाबांशी बोलले ती दोन वाक्यं, जी दर खेपेला वाढत. साहेब "अच्छा, अच्छा" करत होते. बाबांना काय झालं होतं, हे कोणीच विचारलं नाही.

आई उठली. हार बाजूला ठेवला, फोटो भिंतीवरून काढला आणि माझ्या हातात दिला. "तो मटारचा छाप."

"आत्ता? लोक बसलेत, आई," दादा कुजबुजला.

"बसू देत."

मी छापायला घेतला. लाल शाई नीट येत नव्हती. मटार छान आले, पण बाबांचा चेहराही हिरवट आला. टाकी साफ करून पुन्हा छापते, असं मी आईला म्हटलं.

तिने कागद हातात घेऊन पाहिला.

"एकटेच आहेत ना यात? मग चालेल," म्हणाली, आणि हार मागितला.