लाल ठिपक्याचा पेला

तुमच्या घरी नारळ पाडायला किंवा मोरी साफ करायला माणूस आला, तर त्याला तुम्ही चहा कुठल्या कपात देता? लगेच उत्तर देऊ नका. आधी माझ्या बाबांची हकिगत वाचा.

बाबा रत्नागिरीत, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये काउंटर सांभाळायचे. हे वाक्य मी आज मान वर करून लिहिते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मात्र, वडील काय करतात असं कुणी विचारलं की "हॉटेलात असतात" म्हणून मी विषय बदलायचे. बाबा स्वतः थेंबही घ्यायचे नाहीत. पण कुठली दारू कुठल्या पेल्यात द्यायची, हे त्यांच्याइतकं कळणारा दुसरा माणूस तेव्हा अख्ख्या रत्नागिरीत नव्हता.

ही विद्या त्यांनी मुंबईच्या एका क्लबात मिळवली. आधी नुसते पेले धुतले, मग पुसले, आणि बऱ्याच वर्षांनी ते भरायची पाळी आली. मुंबईची हवा छातीला सोसेना म्हणून परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत सहा पेले होते. टवका उडाला म्हणून क्लबाने काढून टाकलेले. प्रत्येक पेला पत्रकांमध्ये गुंडाळलेला होता. सभेच्या तोंडाशी, गिरणीच्या फाटकावर, चाळीच्या जिन्यात हातात पडलेली ती पत्रकं, समतेची आणि कामगारांच्या हक्कांची. बाबांना पेले जपायचे होते, मला पत्रकं. मी ती तळहाताने सरळ केली, गादीखाली दाबली आणि पाठ होईपर्यंत वाचली. त्यामुळे माझ्या भाषेत उद्गारचिन्हं फार होती आणि माणसं कमी.

सुट्टीच्या दिवशी बाबा ते सहा पेले ओटीवर मांडायचे आणि कोकमाच्या सरबतावर माझा धडा सुरू व्हायचा.

"हा कशाचा?" पोट सुटलेला पेला उचलून ते विचारायचे.

"ब्रँडीचा."

"का गो?"

"खालून तळहात लावला की ऊब लागते. वर तोंड निमुळतं, म्हणून वास आतच राहतो."

"आणि हा दांड्याचा?"

"वाइनचा. दांड्याला धरायचं, म्हणजे हाताची ऊब लागत नाही."

जाड बुडाचा ठेंगणा पेला व्हिस्कीचा, कारण बर्फाला ऐसपैस बसायला जागा हवी. बियरचा उंच. तो तिरका धरून ओतायचा आणि शेवटी सरळ करायचा, की फेस बरोबर दोन बोटं येतो.

आई चुलीकडून ओरडायची, "सोलकढीला कुठला लागतो, तेही शिकवा! उद्या स्थळ आलं तर काय सांगू? मुलगी बियर बरी ओतते?"

"सांग की," बाबा म्हणायचे. "फेस दोन बोटांच्या वर जात नाय म्हणून सांग."

त्यांचा नियम एकच होता. "दारू बघायची नि पेला उचलायचा. माणसाकडे नंतर बघायचं."

दुपारी परमिट रूम उघडायच्या आधी मी मागच्या दाराने त्यांचा डबा पोचवायचे. दारातच द्यायचा नि पळायचं, वर्गातल्या कुणी बघितलं तर काय घ्या! एकदा बाबांनीच थांबवलं. "नवे पेले आलेत, बघून तरी जा." मी आत गेले. वरच्या फळ्यांवरचे पेले एकेक ओळखत गेले आणि एकही चुकला नाही. मग मोरीजवळच्या खालच्या फळीकडे लक्ष गेलं. तिथे वीस पेले पालथे घातले होते. चहाच्या टपरीवर असतात तसले, जाड. प्रत्येकाच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका.

मला खरंच वाटलं, ही कुठल्यातरी पेयाची खूण असणार. बाबांनी शिकवायचं राहून गेलेल्या.

"बाबा, लाल ठिपक्यात काय देतात?"

ते हातातला पेला पुसत राहिले.

"सांगा ना. रम?"

"सगळंच देतात. बियर, रम, मागतील ते."

"मग ठिपका कशाचा?"

"बाकड्याचा."

मागच्या अंगणात एक बाकडं होतं. बोटीवरचे खलाशी, हमाल, गटारं साफ करणारे कामगार तिथे बसायचे. तिथे बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आत या असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचे पेले वेगळे आणि ते धुवायचा टबही वेगळा.

गादीखालची सगळी पत्रकं एकदम माझ्या तोंडाशी आली. "कोणी रंगवले हे?" मी ओरडले.

"मी," बाबा म्हणाले. "शेठनी सांगितलं, मी रंगवले. होडीचा नंबर घालून उरलेला रंग होता."

बाबा मोरीच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "लहानपणी खोताकडे कामाला गेलो की चहा मिळायचा. माझी करवंटी त्यांच्या वळचणीला खोचलेली असायची. मीच काढायची, मीच धुवायची, मीच परत खोचायची." मग त्यांनी फडक्याची घडी घातली. "तिला ठिपका नव्हता, एवढंच."

डबा तसाच राहिला. बाबांनी एक जुनं ब्लेड शोधलं, मी घासलेटात फडकं बुडवलं, आणि आम्ही वीसच्या वीस ठिपके खरवडून काढले. ते जाड पेले बाबांनी एका टोपलीत भरले. "चहाला झकास आहेत," म्हणाले. दोन टबांपैकी एक त्यांनी अंगणात पालथा घातला.

चार वाजता परमिट रूमचे मालक आले. त्यांना सगळे शेठच म्हणत.

"हे काय केलंस?"

"पेले लावले, शेठ."

"आतले कुठले नि बाकड्याचे कुठले, ओळखायचं कसं?"

"आतले-बाहेरचे असं नाय. हे बियरचे, हे रमचे, ब्रँडीचे ते वर."

"आत बसणारी माणसं उठून जातील, कळतंय का तुला?"

"मग त्यांना ओळखायला ठिपका लावा."

शेठनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. बाबांनी फडकं काउंटरवर ठेवलं, भरलेला डबा उचलला, आणि आम्ही चालत घरी आलो. घरात दुसरी कमाई नव्हती. वाटेत मी भीत भीत विचारलं, "आता काय करायचं?"

"आता जेवायचं. भूक लागलीय."

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बापलेक मिळून नोकरी खरवडून आलात?" मग भाकरी गरम करायला टाकली आणि पाठमोरीच म्हणाली, "ठिपके नीट निघाले ना? घासलेटाचा वास राहतो. राख लावायची होती."

तीन दिवस बाबा घरी होते. कुंपणाला नव्या काठ्या बांधून झाल्या, पन्हळ साफ झाली, आणि मग त्यांना काही सुचेना. चौथ्या दिवशी सकाळी शेठ आमच्या अंगणात उभे राहिले.

"काल डॉक्टर आले होते पाहुण्यांना घेऊन," ते म्हणाले. "त्यांना ब्रँडी फालुद्याच्या ग्लासात दिली रे. वर लांब चमचा."

आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

"डॉक्टर विचारतात, दिवसातून किती चमचे घ्यायची? आणि बियर ओतली ती सगळी त्यांच्या विजारीवर." शेठ रस्त्याकडे वळले. "चल."

"पेले दारू बघून," बाबा म्हणाले.

"बरं."

"टब एकच."

"बरं बाबा. पण बाकडं राहू दे."

"राहू दे. ज्याला वारा हवा तो बसेल."

जिंकलो ते एवढंच. बाकडं तिथेच राहिलं. पण त्याच संध्याकाळी त्या बाकड्यावर एक म्हातारा खलाशी येऊन बसला आणि बाबांनी त्याला बियर उंच पेल्यात दिली, फेस दोन बोटं. त्याने पेला दोन्ही हातांनी वर उचलला आणि उजेडात धरून खालून बघितला. ठिपका शोधत होता. इतकी वर्षं त्याला सगळं माहीत होतं.

"चुकून दुसऱ्याचा दिलास काय रे?" त्याने विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले. "बियरचाच हाय."

हे बाबांनी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून मी डबा घेऊन रस्त्याकडच्या पुढच्या दाराने जाऊ लागले. त्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

आता मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाकडे या. मोरीच्या खिडकीत, माळ्यावर नाहीतर मागच्या पडवीत तो वेगळा ठेवलेला कप असेल. कान तुटलेला, किंवा अगदी धडसुद्धा. उठा. तो आत आणा, घरातल्या सगळ्या कपांबरोबर एकाच पाण्यात धुवा, आणि उद्या सकाळचा तुमचा चहा त्याच कपातून प्या.